सईचे सहा ग्रॅम

आपल्या कँटीनच्या फ्रिजमधला डाएट कोलाचा कॅन कधी फिरवून वाचलाय? सबमिशनच्या आदल्या रात्री एवढा वेळ कुणाला असतो म्हणा! पण पुढच्या वेळी जरूर बघा. बारीक अक्षरांत एक ओळ असते, 'नॉट फॉर फिनाइलकीटोन्यूरिक्स'. शुगर-फ्री च्युइंगगमच्या पाकिटावरही सापडेल. माझ्या रूममेटला वाटायचं की हे कुठल्या तरी प्रिझर्व्हेटिव्हचं नाव आहे. प्रत्यक्षात ते माणसांबद्दल लिहिलेलं आहे, आणि त्यातली दोन माणसं माझ्या घरातली आहेत.

(आधीच कबूल करते, माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब संपादक मंडळाने बघावा, बाकीचा मी बघते.)

माझी आत्या नाशिकला असते. तिला दोन मुलं. ओमदादा माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा आणि सई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. दादा जन्मला तेव्हा सगळ्या नातेवाईकांत त्याच्या रंगाचं कोण कौतुक! गोरापान, केस भुरे. आजी रोज दृष्ट काढायची. आत्याला मात्र एक गोष्ट खटकायची. त्याच्या लंगोटांना, घामाला एक कुबट वास यायचा. तिने साबण बदलले, पावडर बदलली, तेल बदललं. दीड वर्षाचा झाला तरी तो बसत नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मुलगा आहे, मुलं जरा उशिराच सगळं करतात." दुसरे म्हणाले, "तुम्ही फार काळजी करता." तिसऱ्यांनी टॉनिक दिलं. दादाला फिट्स यायला लागल्या. आत्याने ग्रहणात भाजी चिरली होती, असं शोधून काढणारेही भेटले. साडेतीन वर्षांनंतर, २००८ साली, मुंबईच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि ते लांबलचक नाव घरात आलं. तेव्हा सई आत्याच्या पोटात होती.

सई जन्मली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. तिलाही तेच निघालं. दहाव्या दिवशी तिचं खास दूध सुरू झालं.

आज दादा एकवीस वर्षांचा आहे. त्याला पंधरा-वीस शब्द येतात. टीव्हीवरची जाहिरातीची ट्यून लागली की टाळ्या वाजवतो. वर्तमानपत्राच्या घड्या इतक्या सुंदर घालतो की इस्त्रीवाल्याने लाजावं. सई यंदा बारावीला आहे. पीसीएम घेतलंय, सीईटीचे क्लास चालू आहेत, आणि तिला आपल्याच कॉलेजला यायचंय, कॉम्प्युटरला. (केमिकलला ये म्हटलं तर नाक मुरडते.) एकाच आईबापांची दोन मुलं, एकच दोष. फरक फक्त खाण्यात पडला, आणि तो कधी पडला यात.

थोडं सायन्स सांगते, कंटाळू नका. आपण डाळ, दूध, अंडी, पोळी खातो त्यातल्या प्रोटीनमध्ये फिनाइलॲलनिन नावाचं एक अमिनो ॲसिड असतं. प्रोटीनच्या वजनाच्या साधारण पाच टक्के. शरीर त्यातलं लागेल तेवढं वापरतं आणि उरलेल्याचं लिव्हरमधलं एक एन्झाइम टायरोसिन बनवतं. हे एन्झाइम बनवायची रेसिपी बाराव्या क्रोमोसोमवर असते. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेली कॉपी आली तर एन्झाइम चालत नाही. एकच बिघडलेली असेल तर माणसाला कळतही नाही. आत्या आणि काका दोघेही ठणठणीत आहेत, पण दोघांकडे एकेक बिघडलेली कॉपी. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा दोष येण्याची शक्यता चारात एक. ग्रहणाचा काही संबंध नाही, आजी, हे तुला उद्देशून.

आमच्या भाषेत सांगायचं तर आउटलेटचा व्हॉल्व्ह जाम झालाय आणि इनलेट चालूच आहे. टाकी भरणारच. निरोगी माणसाच्या रक्तात फिनाइलॲलनिन लिटरला साठ मायक्रोमोलच्या आसपास असतं. उपचार न केलेल्या क्लासिक रुग्णात ते बाराशेच्या वर जातं. आता मेंदूच्या दारावर जो वाहक या अमिनो ॲसिड्सना आत नेतो तो सगळ्यांना सामायिक आहे. एकाचीच गर्दी झाली की बाकीचे बाहेर ताटकळतात. आत टायरोसिन कमी पोचतं, त्यामुळे डोपामिन कमी बनतं. मज्जातंतूंवरचं आवरण नीट तयार होत नाही. वाढत्या मेंदूवर हे सगळं एकदम कोसळतं. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक मुलांचा बुद्ध्यांक पन्नासच्या खाली राहतो. आणि हो, टायरोसिनपासूनच केसांचा आणि त्वचेचा रंग बनतो. दादाचे ते भुरे केस, ज्यांची दृष्ट काढली जायची, ते आजाराचं लक्षण होतं.

याचा शोध लागला तोही एका आईमुळेच. नॉर्वेतल्या बोर्गनी एगलंड या बाईंना दोन मुलं होती, लिव आणि डाग. दोघंही मतिमंद. त्यांच्या अंगाला कसलासा वास येतो हे घेऊन ती डॉक्टरांकडे हेलपाटे घालत राहिली. १९३४ साली असब्यर्न फलिंग या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातलं आणि रंग हिरवा झाला. अकरावीच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आपण जे घालतो तेच फेरिक क्लोराइड. फलिंगनी कित्येक लिटर लघवीतून तो पदार्थ वेगळा काढला, ओळखला, आणि मग संस्थांमधल्या आणखी मतिमंद मुलांमध्ये शोधला. सापडला. त्या बाईच्या मुलांना उपयोग झाला नाही, पण मतिमंदपणामागे एखादं साधं रासायनिक कारण असू शकतं हे पहिल्यांदा असं हाती लागलं. दोन देश, सत्तर वर्षांचं अंतर, आणि दोन बायका एकच वास घेऊन दारोदार फिरल्या. हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत बसून रडले होते, सांगायला लाज कशाला.

पुढची गोष्ट माझ्या ब्रँचची आहे, म्हणून जरा सविस्तर. १९५१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या मुलांच्या हॉस्पिटलात हॉर्स्ट बिकेल नावाचे डॉक्टर होते. शीला नावाच्या लहान मुलीचं निदान झालं. ती उभी राहत नव्हती, आईला ओळखत नव्हती, डोकं आपटत राहायची. उपचार काही नाहीत असं बिकेलनी सांगितलं. पण तिची आई ऐकेना. रोज सकाळी लॅबच्या दारात उभी, काहीतरी करा म्हणून. शेवटी बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या लुई वुल्फ यांच्या सल्ल्याने एक आहार बनवला. दुधातलं केसिन ॲसिडने तोडायचं आणि ते पाणी ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या कॉलममधून गाळायचं. चारकोल फिनाइलॲलनिन धरून ठेवतो. त्याबरोबर जे बाकीचे चांगले अमिनो ॲसिड्स अडकतात, टायरोसिन वगैरे, ते मागाहून घालायचे. म्हणजे मास ट्रान्सफरच्या प्रॅक्टिकलला आपण जे ॲड्सॉर्प्शन करून जर्नलमध्ये ग्राफ चिकटवतो, त्याच तत्त्वावर एका मुलीचं जेवण तयार होत होतं!

काही महिन्यांत शीला रांगायला लागली, खुर्चीला धरून उभी राहायला लागली, तिचं डोकं आपटणं थांबलं. मग हा आहाराचाच परिणाम आहे हे सिद्ध करण्यासाठी बिकेलनी आईला न सांगता तिच्या खाण्यात फिनाइलॲलनिन मिसळलं. एक-दोन दिवसांत सगळं कमावलेलं गेलं. नंतर तोच प्रयोग आईच्या संमतीने हॉस्पिटलात पुन्हा केला. १९५३ साली लॅन्सेटमध्ये हे छापून आलं. न सांगता केलेला तो प्रयोग मला अजूनही पचत नाही. त्याच प्रयोगाने जगाला पटवलं, हेही खरं आहे. शीला मात्र पूर्ण बरी झाली नाही, सुरुवातच उशिरा झाली होती. आमच्या दादासारखीच. आहार सुरू झाल्यावर त्याच्या फिट्स कमी झाल्या, रात्रीची झोप लागायला लागली, ओरडणं थांबलं. पण साडेतीन वर्षांत जे गेलं ते परत आलं नाही.

लवकर ओळखायचं कसं, हा प्रश्न अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी सोडवला. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, आणि त्यांच्या पुतण-भाच्यांतल्या एका मुलीला हाच आजार निघाला, पंधरा महिन्यांची झाल्यावर, म्हणजे उशिरा. गथ्रींनी टाचेतल्या रक्ताचा थेंब गाळणीच्या कागदावर वाळवून एका जिवाणूच्या मदतीने तपासायची अगदी स्वस्त पद्धत काढली. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने प्रत्येक बाळाच्या तपासणीचा कायदाच केला. त्यानंतर एकेका देशात हे रुटीन झालं. युरोपात साधारण दहा हजार बाळांमागे एकाला हा आजार असतो, आणि तिथे ते बाळ काही दिवसांचं असतानाच सापडतं. आपल्याकडे अजूनही प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही. गोव्यात २००८ साली सरकारने सुरू केली होती, काही मोठ्या हॉस्पिटलांत पैसे भरून होते. सई वाचली ती तिच्या आधी दादा होता म्हणून. एका मुलाचं आयुष्य म्हणजे दुसऱ्याची स्क्रीनिंग टेस्ट... हे वाक्य आत्याचं आहे, माझं नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. दिवाळीत सई म्हणाली, "ताई, मी हॉस्टेलला आले ना की डाएट बंद. माझा मेंदू तयार झालाय आता."

तुम्ही म्हणाल, बरोबरच आहे की. इमारत बांधून झाली, आता सेंटरिंग काढा. गंमत म्हणजे डॉक्टरांनाही एके काळी असंच वाटायचं. साठ-सत्तरच्या दशकात बऱ्याच ठिकाणी मूल पाच-सहा वर्षांचं झालं की आहार सोडायला सांगायचे. मेंदूची मोठी वाढ संपलीये, आता पोराला जरा नीट जेवू द्या. त्यात दुष्टपणा नव्हता, आयांचे हाल त्यांना दिसत होते. मग अमेरिकेत एक मोठा अभ्यास १९६७ साली सुरू झाला. त्यात सहा वर्षांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाने आहार चालू ठेवला, एकाने सोडला. सोडलेली मुलं बुद्ध्यांकात आणि शाळेच्या अभ्यासात मागे पडू लागली. नंतर २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला गेला. लवकर उपचार मिळालेल्या मुलांतही बारा वर्षांपर्यंत रक्तातली सरासरी शंभर मायक्रोमोलने वाढली की बुद्ध्यांक साधारण एक ते तीन गुणांनी खाली येतो. २००० साली अमेरिकेच्या तज्ज्ञांनी सांगून टाकलं की आहार जन्मभराचा. आज तिथली मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या वयांसाठी ३६० च्या खाली ठेवा म्हणतात, युरोपातली बारा वर्षांनंतर ६०० पर्यंत चालेल म्हणतात.

"बघ, युरोपात सूट आहे," सई लगेच म्हणाली. वकिलीला जायला हवं होतं हिने. आणि तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, मोठेपणी आहार सोडला तर बुद्ध्यांकाचा आकडा फारसा हलत नाही. दादासारखं तिचं काही होणार नाही, हे मी तिला खोटं घाबरवण्यासाठी सांगितलं नाही, सांगणारही नाही.

पण माझं म्हणणं असं की आकडा म्हणजे बुद्धी नव्हे. आपल्यात सगळ्यात हुशार पोरं सगळ्यात जास्त बॅकलॉगवाली असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे! हुशारी असून उपयोग काय, रात्री पुस्तक उघडून बसता आलं पाहिजे, तीन गोष्टी डोक्यात धरून चौथी करता आली पाहिजे. फिनाइलॲलनिन नेमका तिथे घाव घालतं. ॲडेल डायमंड या शास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली दाखवलं की ज्या मुलांचा बुद्ध्यांक नॉर्मल आहे, उपचार चालू आहेत, पण रक्तातलं प्रमाण ३६० ते ६०० च्या दरम्यान आहे, ती मुलं 'लक्षात ठेव आणि मोह आवर' अशा कामांत कमी पडतात. कारण कपाळामागच्या मेंदूच्या भागातलं डोपामिन टायरोसिनच्या थोड्याशा तुटवड्यानेही घटतं. हॉलंडमध्ये २०११ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. नऊच प्रौढ रुग्ण, सगळे आहार पाळणारे. त्यांना महिनाभर फिनाइलॲलनिनच्या गोळ्या आणि महिनाभर नकली गोळ्या दिल्या, कुठल्या कधी ते कुणालाच माहीत नाही. फिनाइलॲलनिनच्या काळात त्यांचं लक्ष टिकेना आणि मूड बिघडला. घरच्यांनाही तो फरक जाणवला. नऊ हा आकडा लहान आहे, स्टॅटिस्टिक्सचे सर हसतील. पण बुद्ध्यांकाची परीक्षा यात काय पकडणार? घरच्यांनी पकडलं.

सईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, तू एकदा करून बघ, मग बोल."

मग मी करून बघितलं. सईचा कोटा दिवसाला सहा ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तीनशे मिलिग्रॅम फिनाइलॲलनिन. आपल्या मेसचं एक साधं जेवण घ्या. तीन पोळ्या, दहा ग्रॅम. वाटीभर वरण, पाच-सहा. भात, अडीच. दही, तीन. एका जेवणात तिचे तीन दिवस संपले! केवळ ॲस्पार्टेम घातलेला डाएट कोलाचा एक कॅन घेतला तर त्यातच शंभरच्या आसपास मिलिग्रॅम, कारण ॲस्पार्टेमच्या वजनाचा निम्मा भाग हेच अमिनो ॲसिड असतं. म्हणून ती ओळ छापतात. मग सई खाते काय? दुधी, काकडी, भोपळा, तेही मोजून. सफरचंद, पपई. तूप-साखर हवी तेवढी. आणि साबुदाणा! साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, त्यामुळे आपण ज्याला निकस म्हणतो तोच तिचा अन्नदाता. खिचडी खाते, पण शेंगदाण्याचा कूट न घालता. (कूट नसलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन बघा एकदा. नाही, नकाच खाऊ.) बाकी तिचं सगळं पोषण येतं ते पावडरीतून. फिनाइलॲलनिन सोडून बाकीचे सगळे अमिनो ॲसिड्स त्यात असतात. दिवसातून चार वेळा, पाण्यात ढवळून. त्याचा वास मी एकदाच जवळून घेतला. ऑरगॅनिक लॅबचं कपाट उन्हात ठेवल्यासारखा.

मी पावडर न घेता नुसता कोटा पाळायचं ठरवलं, चारच दिवस. (तुम्ही करू नका, पावडरीशिवाय ते पोषणच नाही.) पहिला दिवस हीरोगिरीत गेला. दुसऱ्या दिवशी रात्री फीस्ट होती, पनीर. साडेआठला मी रांगेत उभी होते. ताट घेऊन बसले तेव्हा सईचा चेहरा आठवला. माझ्या बारावीच्या पार्टीत मी तिच्यासमोर बसून चीज पिझ्झा खाल्ला होता, आणि तिने डब्यातून आणलेल्या साबुदाण्याच्या चिकवड्या खाल्ल्या होत्या. तेव्हा ती नववीत असेल. "छान आहे का गं?" एवढंच विचारलं होतं तिने.

तर मला सई चुकीची वाटते का? हो. अजूनही वाटते. पण चूक समजून घ्यायची तर ती कुठून येते ते बघावं लागेल. सतरा वर्षं आत्याने ग्रॅमचा काटा घेऊन तिचा प्रत्येक घास मोजला. दर महिन्याला बोट टोचून कागदावर रक्त वाळवून कुरिअर केलं. रिपोर्ट वाढून आला की घरात सुतक. सईने कधी बिस्किट चोरलं तर आत्या दादाकडे बघायची, बोलायची काही नाही. असं मूल पहिल्यांदा घराबाहेर पडताना काय ठरवेल? आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षी काय काय ठरवलं होतं, आठवा. आहार सैल पडतो तो बहुतेकांचा याच वयात. बुद्धी वाचवायची तर लहान मुलांकडे लक्ष द्या असं सगळे म्हणतात, पण लहान मुलाच्या हातात घास आई देते. अठराव्या वर्षी तो घास मेस देते.

आणि मुलगी आहे म्हणून आणखी एक. पुढे कधी तिला मूल हवं झालं आणि त्या वेळी तिच्या रक्तातलं प्रमाण वाढलेलं असलं, तर बाळात दोष नसला तरी त्याच्या मेंदूला आणि हृदयाला पोटातच इजा होऊ शकते. म्हणजे आहार तेव्हा आणखी कडक हवा, आणि दिवस राहण्याच्या आधीपासून. हे सतरा वर्षांच्या मुलीला कुणी आणि कसं सांगायचं? आत्या मला म्हणते तू सांग. मी अजून सांगितलेलं नाही.

औषधं येताहेत, नाही असं नाही. सॅप्रोप्टेरिनला अमेरिकेत २००७ साली परवानगी मिळाली, पण ते काहींनाच लागू पडतं, सईला पडलं नाही. २०१८ साली प्रौढांसाठी एन्झाइमचं इंजेक्शन आलं. ते नाशिकच्या माणसाच्या आवाक्यात कधी येईल तेव्हा येईल. भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजारांच्या धोरणात या आजाराचं नाव आहे, खास आहाराने सांभाळता येणाऱ्या आजारांच्या यादीत. मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्यातलं एक केंद्र आहे. आत्याची फाइल चालू आहे. फाइल म्हटल्यावर पुढचं सांगायला नको.

म्हणून मी औषधांची आणि सरकारची वाट बघत न बसता आपल्या मेस काकांना भेटले. मेस कमिटीतल्या एका सिनियरने आधीच सुनावलं होतं, "दहा हजारांत एक, तिच्यासाठी मेस बदलायची? उद्या कुणी म्हणेल मला ग्लुटेन नको." मी म्हटलं, बदलायचं काहीच नाहीये. तिला वेगळा स्वयंपाक नको, तिच्यासाठी वेगळं टेबल तर मुळीच नको, ते असलं तर ती दुसऱ्या दिवसापासून वडापावच्या गाडीवर दिसेल. तिला फक्त चार गोष्टी हव्यात. वजनकाटा. आज भाजीत काय पडलंय, डाळीचं पीठ आहे का, कूट आहे का, याचं खरं उत्तर. रूममध्ये पातेलंभर साबुदाणा शिजवायला इंडक्शनची परवानगी. आणि कालवलेली पावडर थंड ठेवायला फ्रिजमध्ये एक कोपरा, जिथून कुणी तिची बाटली मिल्कशेक समजून पिणार नाही. (प्यायला तर परत पिणार नाही, ती हमी माझी.)

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे डाळ विषच म्हणायची की पोरीला?" मी म्हटलं, विष नाही काका, मोजून चालते. ते बराच वेळ गप्प होते. म्हणाले, "माझ्या आईला शुगर आहे. मला कळतं मोजून खाणं." दुसऱ्या दिवशी त्यांनी कूट भाजीत न घालता वेगळ्या वाटीत काढून ठेवला, सई अजून इथे आलेलीही नाही तरी. पोरांनी विचारलं हे काय नवीन, तर म्हणाले, ज्याला पाहिजे त्याने वरून घ्या.

सिनियर मित्रहो आणि स्टाफ मंडळी, पुढच्या वर्षी कुणी मुलगी ताटाशेजारी छोटा काटा ठेवून दुधी मोजताना दिसली तर डाएटिंग म्हणून चिडवू नका, आणि कीवही करू नका. तिला दोन्ही सारखंच लागतं. बाजूला बसा. ती नेटवर्किंगबद्दल तुमच्यापेक्षा जास्त बोलेल.

सईने डाएट सोडायचं अजून रद्द केलेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, "बघू, आधी सीईटी तर होऊ दे." मग थोड्या वेळाने, "काका खरंच कूट वेगळा ठेवतात?" मी हो म्हटलं. वजनकाटा मेस काकांनी घेतलाय, चहापत्तीसाठी लागतोच म्हणाले. इंडक्शनचा अर्ज रेक्टर मॅडमकडे आहे, सोबत मेडिकल सर्टिफिकेट जोडलंय. फ्रिजचा कोपरा मात्र अजून कुणी द्यायला तयार नाही.

— तृतीय वर्ष, केमिकल